दुसरा रकाना

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी, सव्वाचारच्या सुमारास, भिसेगावातल्या माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर चालू असलेला खेळ थांबला. टेबलाशी आम्ही चौघं होतो. तिघं खेळत होते, मी खेळ चालवत होते. तो खेळ पुन्हा सुरू झालेला नाही. याला आता एक वर्ष झालं.

वर्ष झालं हे वासावरून कळलं. परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना कापलेल्या भाताचा वास आला. पहिल्या दिवशी तो ओल्या गवतासारखा असतो. दुसऱ्या दिवशी उन्हात तापलेल्या गोणपाटासारखा. तिसऱ्या दिवशी नुसता कोरडा, नाकात खुपणारा. परवाचा वास दुसऱ्या दिवसाचा होता. भिसेगावात आता शेतांपेक्षा इमारती जास्त आहेत, तरी रुळांच्या पलीकडून वारा आला की या पंधरा-वीस दिवसांत हा वास गच्चीपर्यंत पोचतो. मी चिमटे लावून खाली आले. चहा केला. काही वाटलं नाही.

खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. त्यात पट नसतो, सोंगट्या असल्या तरी चालतं, नसल्या तरी चालतं. प्रत्येकानं एक माणूस कल्पायचा आणि त्याची माहिती एका कागदावर भरायची. मग त्या माणसाच्या वतीनं बोलायचं. एक जण खेळ चालवतो. तो उरलेल्या सगळ्या जगाच्या वतीनं बोलतो. दुकानदार तोच, लांडगा तोच, पाऊसही तोच. जिथं काय होईल याची खात्री नसते तिथं फासा टाकायचा. फाशाला वीस बाजू असतात. मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर फसलं.

हे वेड आणलं ओंकारनं. तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. नियमांचं पुस्तक त्याच्याकडं होतं, जाड आणि इंग्रजी. बाकी आम्ही तिघं कर्जतच्या शाळेत एका वर्गातले. नितीन खालापूर तालुक्यात, चौकच्या पुढं, घरची भातशेती करतो आणि टेंपो चालवतो. सुजाता खोपोलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिचे फासे ती लॅबमधल्या कोऱ्या, झाकणाच्या नळीत घालून आणायची. टेबलावर ठेवताना त्यांचा खुळखुळाट व्हायचा आणि नितीन म्हणायचा, "आली बया सॅम्पल घेऊन."

नितीननं पहिल्याच दिवशी अट घातली. "मराठीत असलं तर खेळतो. इंग्रजीत माझा मानूस मरंल नि मला कळनार बी नाय."

म्हणून भाषांतर माझ्याकडं आलं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी चौदा वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांच्या मजकुरातले शब्द बदलणं हेच काम होतं. माहितीच्या कागदाचं भाषांतर एका संध्याकाळी झालं. पहिला रकाना नाव. तिसरा धंदा. मग बळ, चपळाई, अक्कल, धीर वगैरे. दुसऱ्या रकान्यात मूळ शब्द 'रेस' होता. त्या खेळात माणसांखेरीज बुटके असतात, रानमाणसं असतात, शिंगं आणि शेपूट असलेले लोक असतात. तुमचा माणूस यांपैकी कोण, ते तिथं लिहायचं. मी तिथं 'जात' लिहिलं.

जागा कमी होती असं कारण देता येत नाही. मनात 'वंश' आला होता. दोन्ही शब्द दोन अक्षरांचे आहेत. 'वंश' इतिहासाच्या पुस्तकातला वाटला, 'जात' रोजचा वाटला. भाषांतर केलं ते दिवस भात पोटरीला येऊन लोंबी धरायला लागल्याचे होते आणि नितीनचा फोन झाला की हाच शब्द दहादा यायचा. कुठली जात लावली, कुठली जात आडवी झाली, कुठल्या जातीला लोंबी भरली नाही. या पट्ट्यात पावसाळाभर माणसं भाताच्या जातीबद्दल बोलतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. कान तयार होता. शब्द खाली उतरला. मी तो पुन्हा वाचला, शुद्धलेखन तपासलं, आणि चार प्रती काढल्या.

कागद वाटले त्या रविवारी काय झालं ते मला नीट आठवतं. पंखा पाचवर होता. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकानं त्यावर काहीतरी ठेवलं होतं. नितीननं मोबाइल, ओंकारनं चष्म्याची डबी, सुजातानं फाशांची नळी. नितीननं बोट ठेवून वाचलं. नाव. मग थांबला.

"मॅडम, ही दाखल्यासकट भरायची का?"

ओंकार हसला.

"व्हॅलिडिटी लागंल का? का नुसती झेरॉक्स चालंल?"

"गप रे," सुजाता म्हणाली. "मी लिहिते शिंगाळ. ओपन का रिझर्व्ह ते नंतर बघू."

सगळे हसले. सुजाताही हसली. हसली असं मला आठवतं. ते पडताळून पाहायची सोय नाही. मी ते पुरावा म्हणून धरलं. तिनंच विनोद केला, म्हणजे विषय मिटला, असा माझा हिशोब होता.

सुजाताचं घर बौद्ध. आमचं शेतीवाल्यांचं, नितीनसारखंच. आठवीपासून आम्ही दोघी एका बाकावर. ती आमच्याकडं जेवली आहे, मी त्यांच्याकडं. तिच्या आईचं सुक्या जवळ्याचं कालवण मी मागून खाल्लेलं आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांत तो शब्द आमच्या दोघींमध्ये बोलला गेला नव्हता. का, याचा विचार मी केला नव्हता. तिनं केला असेल का, हे विचारलं नव्हतं.

शिंगाळ तिनं का घेतली तेही सांगितलं होतं. "अंधारात दिसतं तिला. बास." माणसाचं नाव तिनं झुंबर ठेवलं. झुंबर जखमा बऱ्या करायची. नितीनचा बुटका दगडू, हातात घण. ओंकारचा रानमाणूस वाऱ्या, धनुष्यवाला. नकाशा मी आपल्याच घाटावरून उचलला होता. ठाकूरवाडीच्या आसपासची वळणं, बोगद्यांच्या जागी गुहा, खाली एक नदी, पलीकडं गाव. चार रविवार खेळ चांगला चालला. दुपारी अडीचला बसायचो. पुण्याकडं जाणाऱ्या गाडीला मागून लावायची इंजिनं कर्जत स्टेशनात भोंगा द्यायची, तेव्हा ओंकार म्हणायचा की राक्षस आला. चिवडा संपायचा. सुजाता टिपणं काढायची, कारण बाकी दोघांना मागच्या वेळचं काही आठवायचं नाही.

पाचवा रविवार कापणीचा. नितीनचं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून शेतात पसरलेलं होतं, उशिरा पिकणारं गरवं उभं होतं. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर माथेरानच्या बाजूनं यायचे. तो दर दहा मिनिटांनी उठून खिडकीतून आभाळ बघायचा.

"बस ना रे," ओंकार म्हणाला.

"तुज्या लॅपटॉपवर पानी पडंल तवा तू बसून दाकव."

खेळात तिघांना तीन दिवस पाणी मिळालेलं नव्हतं. दगडूची पखाल घाटात फुटली होती, हा नितीनच्याच फाशाचा प्रताप. तिघांचेही जिवाचे गुण उतरत होते, झुंबरचे सगळ्यात जास्त, कारण तिनं स्वतःच्या वाटचं पाणी आधी वाऱ्याच्या जखमेवर वापरलं होतं. अजून एक दिवस गेला असता तर झुंबर मेली असती. सुजाता कागदाकडं बघत म्हणाली, "गाव आलं ना? विहीर असेल तिथं."

विहीर होती. अनोळखी लोकांशी गावकरी कसं वागतात यासाठी पुस्तकात एक कोष्टक आहे. मी फासा टाकला. दोन आला. दोनपुढं एकच शब्द होता. संशय.

पुढचं सगळं मी केलं. विहिरीवर एक म्हातारा उभा केला. त्याला थोडा घोगरा आवाज दिला. काय विचारावं म्हणून समोरच्या कागदावर नजर टाकली आणि दुसरा रकाना दिसला.

"जात कोणती?" म्हातारा म्हणाला.

"रानमाणूस," ओंकार म्हणाला.

"बुटका हाय बाबा, पानी दे आदी."

सुजातानं कागदावरची फाशांची नळी बाजूला केली. पंखा फिरत होता. मग ती म्हणाली, "शिंगाळ."

"तू तिकडंच थांब," म्हातारा म्हणाला. "ओंजळ धर. वरनं घालतो."

हे मी म्हणाले. एका दमात, न अडखळता. हातही वर गेला होता, तांब्या धरल्यासारखा. नितीननं माझ्याकडं बघितलं. ओंकारनं चिवड्याच्या ताटलीत हात घातला होता, तो तसाच राहिला.

नितीन म्हणाला, "थांब थांब. म्हातारा गेला उडत. मी माज्या तांब्यातनं देतो तिला."

त्या वेळी खेळ चालवणाऱ्यानं 'बरं' म्हणायचं असतं. एवढं म्हणणं पुरेसं होतं. मी म्हणाले, "गावकरी अडवतील. रोल कर. बाराच्या वर हवा."

"मैतरनीला पानी द्यायला रोल?"

"नियम आहे."

नितीननं फासा टाकला. चार आला.

"तांब्या पडला," मी म्हणाले. "पाणी सांडलं."

सुजातानं पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. "वरनं घालतो, हे तुला कुठनं सुचलं गं?" तिनं विचारलं. आवाज नेहमीचा होता. लॅबमध्ये ती पेशंटला 'उपाशीपोटी आलात ना?' विचारते त्या आवाजात.

"पुस्तकात आहे," मी म्हणाले. "कोष्टकात."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. माझ्या घरातलं तिला सगळं माहीत आहे. तिनं मांडणीवरून पेला घेतला, नळ सोडला, पाणी प्यायली, पेला विसळला, पालथा घातला. आम्ही तिघं हे आवाज ऐकत बसलो. मग तिनं येऊन फासे नळीत भरले. एक फासा सापडत नव्हता, तो ओंकारच्या चष्म्याच्या डबीखाली निघाला. "माझी पावणेपाचची आहे," ती म्हणाली आणि गेली. खोपोलीची गाडी पावणेपाचला होती की नाही हे मी नंतरही बघितलं नाही.

नितीन जाताना दारात थांबला. "तू बी ना," तो म्हणाला. त्याला आभाळाची घाई होती. संध्याकाळी पाऊस आला, त्याचं हळवं भिजलं.

मला त्या वेळी काय वाटलं, हे नोंदवणं भाग आहे. काही वाटलं नाही. मी टेबल पुसलं, कागद एकावर एक रचले. दाताला भूल दिल्यावर ओठ आपलाच आहे हे माहीत असतं, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसं होतं. ती भूल उतरली असं मी आजही म्हणणार नाही.

सोमवारी दुपारी मी आमच्या चौघांच्या ग्रुपवर मजकूर टाकला. सवयीनं जसा सुचला तसा. 'दुरुस्ती: माहितीच्या कागदावर दुसऱ्या रकान्यात जात असा शब्द अनवधानाने पडला आहे. तो वंश असा वाचावा. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

ओंकारनं अंगठा दिला. नितीननं काही दिलं नाही. सुजाताचं उत्तर तासाभरानं आलं.

'आहोत म्हणजे कोण कोण?'

ग्रुपवरचा तो शेवटचा मजकूर आहे.

पुस्तकात ते नव्हतं. कोष्टकात 'संशय' एवढंच आहे, हे मला बोलतानाही माहीत होतं. ते कुठून आलं तेही माहीत होतं. वडिलांच्या गावी, खालापूरकडं, मी आठेक वर्षांची असेन. दिवस कापणीचेच. शेतावर आलेल्या बायका दुपारी आमच्या मागच्या दारी पाण्याला यायच्या. त्यांतल्या दोघी पायरीच्या खाली, लांब थांबायच्या. काकू तांब्या उंच धरायची. "ओंजळ धर, वरनं घालते." त्या दिवशी काकूचे हात पिठाचे होते. तिनं तांब्या माझ्याकडं दिला. मी पायरीवर उभी राहिले आणि पाणी घातलं. उंची कमी पडली म्हणून काकू म्हणाली, वर धर, आणखी वर. पाणी त्या बाईच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. तिच्या हाताला भाताची कुसं चिकटली होती, ती भिजून काळी दिसली. ती "पुरे बाय" म्हणाली. मला वाटलं होतं की मी एक काम नीट केलं. शाबासकीही मिळाली होती.

ही आठवण दडपलेली वगैरे नव्हती. ती नेहमी तिथंच होती, पायरीसारखी. मी तिच्यावरून येत-जात होते.

वर्षभरात सुजाताशी माझं बोलणं दोनदा झालं. एकदा वडिलांचे रिपोर्ट तिच्या लॅबमधून न्यायचे होते तेव्हा. तिनं पाकीट दिलं, "शुगर वाढलीय, भात कमी कर म्हणावं त्यांना" म्हणाली. दुसऱ्यांदा वर्गातल्या एकीच्या लग्नाच्या वाढदिवसाला, लोकांत. ती चांगली बोलली. चांगलं बोलणं आणि पूर्वीचं बोलणं यांतला फरक मला दाखवता येणार नाही, पण तिऱ्हाइतालाही कळला असता. माझ्या घरी ती आली नाही. मी बोलावलंही नाही. एक वाक्य सांगायचं होतं आणि ते रोज उद्यावर जात होतं. ते सांगितलं नाही तर ती मैत्रीण राहणार नाही हे मला ठाऊक होतं. सांगितल्यावर राहील का, हे ठाऊक नव्हतं.

काल नितीनचा फोन आला. "उद्या मळनी हाय. ये. नव्या तांदळाचं जेवान." मग म्हणाला, "तिला बी बोलावलंय. तिला तुजं सांगितलेलं नाय. तुला सांगतोय, कारन तू पळशील."

आज रविवार. मी साडेअकराला पोचले. खळ्यावर मळणी यंत्र चालू होतं. आता झोडत कुणी नाही. यंत्राच्या तोंडात पेंढ्या घालायच्या, एका बाजूनं दाणा पडतो, दुसरीकडून पेंढा उडतो. आवाज इतका की शेजारच्याचं ऐकू येत नाही. सुजाता तिथं होती, डोक्याला ओढणी गुंडाळून पेंढ्या पुढं सरकवत होती. तिनं मला पाहिलं. हात थांबवला नाही. मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले आणि पेंढ्या उचलायला लागले. कुसं मानेत गेली. अर्धा तास असाच गेला.

सव्वाबाराला डिझेल संपलं. नितीन कॅन आणायला टेंपोकडं गेला. एकदम शांत झालं. कान वाजत होते.

मी म्हणाले, "ते पुस्तकात नव्हतं."

सुजाता ओढणी सोडून झटकत होती.

"वरनं घालतो. ते आमच्या घरचं होतं. मी स्वतः घातलंय. लहान असताना."

"पुस्तकात नाय, ते माहितेय मला," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात ओंकारकडनं पीडीएफ मागवली मी. दोन आला तर संशय. पुढं कोरं आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी कशाला? दुरुस्त्या छापणारी तू."

तिनं केसातलं एक कूस ओढून काढलं, बघितलं, टाकलं.

"माझ्या आजीनं अशी ओंजळ धरलेली आहे," ती म्हणाली. "तुमच्या नाय, दुसऱ्या गावात. आई सांगायची. मी म्हटलं, आपल्या वेळेला नाय बाबा हे. आणि तू हात वर केलास. एवढा." तिनं हात वर करून उंची दाखवली. बरोबर दाखवली.

"हो."

"एक वर्ष लागलं तुला हे सांगायला."

"हो."

"का?"

"माहीत नाही."

"हं," ती म्हणाली. रागाचं नव्हतं ते. रिपोर्टवरचा आकडा वाचून करते तसं होतं.

नितीन कॅन घेऊन आला. आमच्याकडं बघत बघत डिझेल ओतलं, थोडं बाहेर सांडलं. "झालं का दोघींचं?" त्यानं विचारलं. "का अजून एक कॅन आनू?"

"चालू कर रे," सुजाता म्हणाली. "ही पेंढ्या उलट्या घालतीय मघापासून. लोंब्या पुढं पायजेत."

मी त्यानंतर लोंब्या पुढं करून घातल्या. दोन वाजता जेवलो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, तसा झाला होता, वर वालाचं बिरडं. नितीनच्या बायकोनं सगळ्यांना एका ओळीत बसवलं. सुजाता माझ्या शेजारी नव्हती, नितीनच्या आईच्या शेजारी होती, आणि तिला शुगरबद्दल काहीतरी समजावत होती. जेवण झाल्यावर हात धुताना मी विचारलं, "पुढच्या रविवारी येशील?"

"तुझ्याकडं?"

"हो."

तिनं हात ओढणीला पुसले. "बघते," ती म्हणाली.

राहिलेली मळणी पाचला उरकली. नितीननं टेंपो काढला, सुजाता पुढं त्याच्या शेजारी बसली. मला उलट्या बाजूला जायचं होतं. मी चौकहून कर्जतची बस धरली.

सुजाता सव्वासहाला घरी पोचली, असं नितीननं फोनवर कळवलं. ती पुढच्या रविवारी येईल की नाही, ते अजून कळायचं आहे.